पंपावरची ओंजळ

सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाताना मी पेट्रोल पंपावर थांबायचो, तेव्हा कांद्याचा एक टेम्पोवाला बऱ्याचदा दिसायचा. डिझेल भरून झालं की तो पंपाच्या कडेला जायचा, चपला काढायचा, दक्षिणेकडे तोंड करून बाटलीतलं पाणी ओंजळीत घ्यायचा आणि अंगठ्यावरून हळूच मातीत सोडायचा. पितरांना पाणी देतात, तसं.

एकदा न राहवून मी विचारलं, "घरातलं कोणी गेलं का?"

"न्हाई," तो म्हणाला. "पोरगी शाळेचा धडा वाचत हुती. समुद्रातले बारीक बारीक जीव मेले, गाळात गाडले गेले. वरून थर चढत गेले, खाली दाबून, तापून कोट्यवधी वर्सांनी त्यांचं त्याल झालं. आपलं डिझेल म्हंजी तेच."

"मग पाणी कशाला?"

"त्यांच्यामागं कोन हाय? जाळतो तर मीच. ज्यानं अग्नी दिला, त्यानंच पानी द्यावं."

चपला घालून तो निघून गेला. मी स्कूटर सुरू केली. समोर पुणे रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. अग्नी देणारे आम्ही एवढे, आणि पाणी देणारा तो एकटाच.