शेळ्या, मासे आणि माझी ‘तक्रार’

खैरानच्या किनाऱ्यावरचं ते कुंपण सरकारने घातलं, असं मी आजवर सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

सत्तरच्या दशकात इथलं मोजणी खातं सोडून मी कुवेतला सर्व्हेअर म्हणून गेलो होतो. तिथे खैरानला एका म्हाताऱ्या बदू, म्हणजे वाळवंटी टोळीतल्या, धनगराच्या शेळ्या शेजारच्या कोळ्याचे वाळत घातलेले मासे खात. दोघे सकाळभर एकमेकांचा उद्धार करत आणि संध्याकाळी एकाच विहिरीवर चहा पीत. जमीन कोणाची, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. एकदा कोळ्याने रागाच्या भरात कचेरीत जाऊन आरडाओरडा केला आणि तो प्रश्न सरकारला पडला.

आमच्या कचेरीतल्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. विहीर कोळ्याकडे गेली, शेळ्यांची पाणी प्यायची डोण धनगराकडे राहिली.

“साहेब, विहीर...”

“ती सरकवता येत नाही का?” साहेबांनी अगदी मनापासून विचारलं.

आम्ही खुंट्या ठोकून लाल फडकी बांधायचो, शेळ्या ती खायच्या. मग पुन्हा मोजणी. धनगर बिचारा उन्हात उभा राहून कंटाळला.

शेवटी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंना विचारायचं होतं. माझं अरबी मोडकंतोडकं. पण ‘तक्रार’ हा शब्द मूळचा अरबीच, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा अभिमानही होता.

“तक्रार?” मी धनगराला विचारलं.

“ला, ला!” तो दोन्ही हात हलवत ओरडला. “खलास!”

कोळीही ‘ला’, म्हणजे ‘नाही’, म्हणाला. कोणाचीच हरकत नाही, असं मी साहेबांना सांगितलं. कुंपण उभं राहिलं.

मग कोळी कुंपणाच्या जाळीवरून बादली ओती आणि धनगर पलीकडून शिव्या देत डोण भरून घेई. पाणी हद्द ओलांडतंय, असं कोणीतरी वर कळवलं. तेही बंद झालं. धनगराला फहाहीलजवळ सरकारी घर मिळालं, दुसऱ्या मजल्यावर. शेळ्यांबद्दल हुकमात काहीच नव्हतं, म्हणून त्या घेऊनच तो जिना चढला. शेजाऱ्यांनी लवकरच त्या विकायला लावल्या.

पुढे काही वर्षांनी कोळी मला फहाहीलच्या मासळी बाजारात भेटला. तरुणपणी गलबतावरून मुंबईच्या फेऱ्या केलेला, त्यामुळे हिंदी बोले. मला मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, म्हणे.

“मुहंदिस, उस दिन तुमने क्यूं पूछा, फिर से नापूं क्या?”

“मैंने तो तक्रार पूछी.”

“वही तो! तक्रार माने फिर से. बुड्ढा बोला, बस करो बाबा.”

“फिर शिकायत को क्या बोलते हो?”

“शकवा. वो तो उसके पास बहुत था. किसी ने पूछा नहीं.”

म्हातारा दिवसभर खिडकीत बसून असतो, विहीर अजून तिथेच आहे, कचेरीत जाऊन सांग, असं कोळी म्हणाला. मी ‘जातो’ म्हणालो. पण मुलं शाळेत होती, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नव्याने करून घ्यायचा होता. आपली चूक आपणच वर कळवायची, तेही परक्या मुलखात?

पुढच्या खेपेला त्याने विचारलं, “गया था?”

मी पापलेटांचा भाव विचारला. त्याने एक उचलून कागदात गुंडाळलं, दुसऱ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तक्रार?”

“ला,” मी म्हणालो.