अर्ध्या पुस्तकांचा तात्या

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत एका बाइंडरच्या दुकानात उभा होतो आणि तात्याच्याच नावानं शंख करत होतो. पुढ्यात पोतं उघडं पडलेलं, पोत्यात आमच्या सणसरच्या वाचनालयातली मुलांची पुस्तकं, आणि त्यातलं एकही पुस्तक अख्खं नाही. सगळी पाठीतून मधोमध कापलेली, पुढची पानं वेगळी, मागची वेगळी. बाइंडर एक अर्धं उचलायचा, त्याचं दुसरं अर्धं शोधायचा आणि हसून हसून खोकायचा. "आबा, कापली कुणी ही? उंदराचं काम दिसत न्हाय." मी म्हणालो, "उंदीर परवडला. त्याला माणसाची चाहूल लागली की पळतो तरी. ही आमच्या ग्रंथपालानं कापलीत, दिवसाढवळ्या, खुर्चीत बसून." तेवढ्यात तात्याच्या सुनेचा, सुनीताचा फोन. दवाखान्यातून सकाळी घरी आणलं होतं, दुपारी त्यांनी चहा मागितला, चहा घेऊन गेले तर... तिथंच तिनं फोन ठेवला. बाइंडर विचारत होता, "जोडायला घेऊ का?" मी पोत्याचं तोंड बांधलं, म्हणालो, "आज न्हाय." खरं सांगतो, पहिल्यांदा आला तो रागच. चार दिवसांवर वाचनालयाची सरकारी तपासणी, अध्यक्ष मी, साहेबांना तोंड द्यायचं मी, आणि हा गडी ऐन वेळी कायमचा रजेवर.

तात्या आणि मी शाळेत एका बाकावर. पुढं तो एमआयडीसीतल्या दूध प्लांटला पॅकिंगमध्ये चिकटला आणि रिटायर होईपर्यंत सणसर ते बारामती मोटारसायकल हाणत राहिला. तो रस्ता मधूनमधून खचलाय तो उसाच्या ट्रॉल्यांनी नाही, तात्याच्या फेऱ्यांनी, असं माझं आजही ठाम मत आहे. रिटायर झाल्यावर त्याला आम्ही ग्रंथपाल केलं, कारण त्या खोलीत बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. खोली सोसायटीच्या खताच्या गोडाऊनला लागून. आमच्याकडं परीची गोष्ट उघडली तरी आधी युरियाचा वास येतो. तोवर ती खोली वर्षातून दोनदा उघडायची, फोटोला हार घालायला आणि माझं भाषण ऐकायला. माझी भाषणं चांगली व्हायची, ऐकणारे त्यातच म्हातारे झाले. तात्यानं खुर्चीत बसल्या बसल्या पाचवी ते सातवीच्या पोरांचं वाचन मंडळ काढलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरं तिकडं. मी म्हणालो, कर बाबा. एवढं बोलून जे पाप माझ्या डोक्यावर बसलं ते अजून उतरलेलं नाही.

सुरुवातीलाच दोन पोरं एका नव्या पुस्तकावरून भांडली. एकानं इकडून ओढलं, एकानं तिकडून, आणि पुस्तक मधोमध फाटलं. जगातल्या कुठल्याही ग्रंथपालानं पोरांचे कान पिळले असते आणि पुस्तकाला डिंक लावला असता. तात्यानं दूध पावडरच्या रिकाम्या गोणीचा जाड कागद कापला, दोन्ही तुकड्यांना वेगवेगळं कव्हर शिवलं आणि एकेक तुकडा एकेकाच्या हातात दिला. "वाचा, आन् शनिवारी येकमेकाला सांगा." शनिवारी ती दोघं अशी काही सांगत बसली म्हणे, की बाकीची पोरं घरी जायची विसरली. झालं. पुढच्या शनिवारी तात्या प्लांटमधली जुनी पाती घेऊन आला आणि अख्खं कपाट कापून काढलं.

मी धावत गेलो. "तात्या, हे वाचनालय हाय का खाटकाचं दुकान?"

तो शांतपणे पाती पुसत होता. "अध्यक्ष, लिटरची पिशवी येका घरात जाती. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या दोन घरांत जात्यात. मी पॅकिंगमधी जल्म काढला, मला काय सांगता?" शाळेपासूनचा मित्र, पण चिडवायचं असलं की मला 'अध्यक्ष' म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा.

त्यानं नियमही करून ठेवले. जोडीदाराचा अर्धा भाग आपण वाचायचा नाही, त्याच्या तोंडून ऐकायचा. ज्याच्याकडं मागचा अर्धा, त्यानं आधी स्वतःच्या मनानं सुरुवात रचून सांगायची. मग पुढच्या अर्ध्यावाल्यानं खरी सुरुवात सांगायची, आणि मग मागच्यानं शेवट. यानं काय झालं, तर गावातली निम्मी पोरं सराईत थापाडी झाली. शाळेच्या बाई माझ्याकडं आल्या, "तुमच्या मंडळातली मुलं परीक्षेत उताऱ्याच्या आधी काय घडलं तेही लिहितात, आणि ते उताऱ्यात नसतं." शेजारच्या अंथुर्णे गावचा एकजण रात्री जेवणावरून उठून लेकीला मोटारसायकलवर सणसरला घेऊन आला, कारण शेवट कळल्याशिवाय ती घास गिळेना. येत्या काळात तालुक्यातलं पेट्रोल संपलं तर ते गोष्टींच्या शेवटांवर संपलंय हे लक्षात ठेवा.

त्यात जोड्या लावायचा तात्याच, आणि त्या मुद्दाम वाकड्या. बांधावरून कोर्टात गेलेले दोन चुलत भाऊ आमच्या गावात आहेत, दोघांची पोरं सहावीत. एका पुस्तकाचे दोन तुकडे नेमके त्या दोन घरांत. पोरं बांधावरच बसून सांगायला लागली, कारण एकमेकांच्या अंगणात जायची बंदी. मला वाटलं, आता दोन्ही घरं एक होणार, मी सत्काराची शालसुद्धा मनात ठरवली. कसलं काय. दोघं बाप एकाच गाडीवर बसून माझ्याकडं तक्रार घेऊन आले. इतक्या वर्षांत एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, ते म्हणजे तात्याला काढा.

मी काढणारच होतो. दर महिन्याला ठरवायचो. पण त्या खुर्चीत बसायला दुसरं कोण, हा प्रश्न यायचा आणि मी घरी जायचो. मग तपासणीचं कळलं तेव्हा मी रिकामं पोतं घेऊन त्याच्या घरी गेलो. तेव्हा त्याचं दुखणं वाढलं होतं, खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी भांडणाच्या तयारीनं गेलो होतो. रस्ताभर वाक्यं पाठ केली होती. म्हणालो, "तात्या, सगळी पुस्तकं जोडून घ्यायची. साहेब येणार हायत. हे मंडळ आता बंद." त्यानं सुनेला हाक मारली, "सुनीता, कपाटाची किल्ली दे अध्यक्षांना." एवढंच. वाद नाही, टोमणा नाही. मी म्हणालो, "काय बोलत का न्हाईस?" तर म्हणतो, "बोलून दमलो. जोडा. पण पोरांना सांगायचं काम तुमचं." असा राग आला मला... माणसानं हरावं तर नीट भांडून हरावं.

तो गेला, आणि पोरांना सांगायचं काम माझ्याकडं राहिलं. तपासणी कुठल्याशा कामामुळं पुढं गेली, ती अजून पुढंच आहे. पोतं माझ्या ओसरीवर. दहावं झालं, तेरावं झालं. नंतरच्या शनिवारी मी निरोप दिला, सगळी पोरं माझ्या ओसरीवर गोळा झाली. मी घसा साफ केला, "बालमित्रांनो" म्हणालो, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत पोतं निम्मं रिकामं झालं होतं. कुणी माझं ऐकत नव्हतं. आपापले तुकडे शोधून, जोडीदाराला धरून, माझ्याच ओसरीवर बसून ती सांगायला लागली. राज्यभर भाषणं ठोकलेला माणूस मी, राज्यभर म्हणजे इंदापूरपर्यंत, आणि माझ्याच दारात मला कुणी बोलू देईना.

एकटी अंकिता तेवढी बसून होती. वस्तीवरची, पाचवीतली, वेणीला दोन रंगांच्या रिबिनी. मी विचारलं, "तुझा जोडीदार कुठं हाय?"

"तात्याच व्हते की," ती म्हणाली. "पुढचा अर्धा माझ्याकडं, मागचा त्यांच्याकडं."

मला हे नवीनच. मी सुनीताकडून तो तुकडा मागवला, तात्याच्या उशाखालीच होता. अंकिताला म्हणालो, "घे. वाचून टाक."

"आपण वाचायचं नसतंय. नेम हाय."

"अगं पण तात्या आता..."

"मग तुमी वाचा आन् मला सांगा, आबा."

झालं ते असं. आयुष्यात मी पुस्तकांची प्रकाशनं केली, पुस्तकं वाटली, त्यांच्यावर हार ठेवले, पण वाचायला मला कधी कुणी लावलं नव्हतं. आठवडाभर चष्मा लावून मी तो अर्धा तुकडा वाचला. दोन बहिणी, एक आंधळा उंट, आणि माझ्या वाट्याची गोष्ट सुरू होते तीच उंट पोलीस चौकीत जमा झाल्यापासून. उंट तिथं गेलाच कसा? रात्री बायको म्हणाली, "झोपा आता," मी म्हणालो, "उंटाला सोडवू दे." पुस्तकाच्या पार शेवटापर्यंत गेलो, आणि शेवट असा आहे की मला उठून अंगणात फेरी मारावी लागली.

शनिवारी अंकिता पुढ्यात बसली. नेमाप्रमाणं आधी मी सुरुवात रचून सांगितली. उंट कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहिला होता, विरोधकांनी त्याचे डोळे बांधले, वगैरे. मी जीव ओतला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तसं काय न्हाय झालं," ती म्हणाली, "पण तात्यांच्यापेक्षा बरं रचलंय." मग तिनं खरी सुरुवात सांगितली, हातवारे करून, मध्ये उंटाचा आवाज काढून. आता माझी पाळी. मी तुकडा उघडला. मध्येच एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. वाचताना मी तो पाहिला होता, सरळ केला नव्हता.

"हे कुणी दुमडलंय?" तिनं विचारलं.

"तात्यानं. तितवर वाचून झालं असंल त्याचं."

तिनं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "म्हंजी तात्यांना शेवट म्हाईत न्हाय?"

"न्हाय."

"मग मला बी हितवरच सांगा."

मी सगळे उपाय केले. म्हणालो, पुढं लई भारी हाय. म्हणालो, तात्याला आवडलं असतं. म्हणालो, अध्यक्ष म्हणून सांगतो. ती ऐकेना. दुमडल्या पानापर्यंत ऐकलं, उठली, फ्रॉक झटकला आणि पुढच्या आठवड्याचा अर्धा तुकडा मागितला. मागचा अर्धा तुमी घ्या म्हणाली, आता जोडी लागलीच हाय.

तर आता दर शनिवारी मी त्या युरियाच्या वासात, तात्याच्या खुर्चीत बसतो. बाकीचे तुकडे पोरांच्या हातांत फिरतात, उंटाचा मात्र माझ्या खिशात असतो, कोपरा दुमडलेला. शेवट माझ्या घशाशी आलेला आहे, आणि ज्या दोघांना तो सांगायचा त्यातली एक ऐकत नाही.