घोटलेला महादेव

नर्मदाकाठच्या त्या केवटवस्तीत गेंदाबाईचा हात लागला नाही असं शिवलिंग शोधूनच काढावं लागेल. लग्न होऊन आली तेव्हापासून, चाळीस वर्षं, बाई पाणी शिंपडून दगड घासतेय. बोटांचे ठसे पार झिजलेत. रेशनच्या मशीनवर अंगठाच उमटत नाही, आणि दुकानदाराशी दर महिन्याला तेच भांडण.

घरच्या कोनाड्यातल्या महादेवाला मात्र कुणी टाकी लावली नव्हती. सासऱ्यांनी डोहात बुडी मारून काढलेला ओबडधोबड गोटा तो. नर्मदेच्या, रेवामाईच्या पोटातला दगड मुळातच देव, त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. विकायचे ते घोटायचे, पुजायचा तो जसाच्या तसा, हा त्या घरचा नेम.

नेमका तोच नव्या सुनेला, सुगनाला, सांगायचा राहिला. पोरगी नदीपासून लांबच्या गावची. शिवरात्रीआधी कोनाडा सारवताना तिला वाटलं, जगाचे देव चकाचक आणि आपलाच तेवढा राहून गेलाय! सासू चार दिवस माहेरी गेली होती. तेवढ्यात हिनं गोटा वाळू-पाण्यानं घासून घासून लख्ख केला.

गेंदाबाई परतली आणि कोनाड्यातला गोटा पाहून रागानं लाल झाली. थोरल्या दिरानं, मांगीलालनं, निकाल देऊन टाकला. देव बाटला, तो नदीत सोडायचा आणि सुनेला माहेरी धाडायचं. रेवामाईनं दुसरा गोटा दिला, तर सुनेला परत आणू. सुगनानं बोचकं बांधलं.

नदीवर नेण्याआधी गेंदाबाईनं गोटा मांडीवर घेतला. सवयीनं अंगठा फिरला. कुठं खड्डा नाही, कंगोरा नाही. वळवून पाहिलं, तर काळ्या अंगावर तिरपी पांढरी रेघ. जानवं! इतकी वर्षं खडबडीत थराखाली झाकलेलं. मग तिनं सुनेची बोटं पाहिली. सालटं निघाली होती.

दिरापुढं तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. तोंडावरचा पदर तसाच ठेवून ती म्हणाली, "दादा, चाळीस वर्षं मी नुसतं वरून पाणी ओतलं. अंग चोळून आंघोळ घातली ती हिनं. हिला कुठं धाडताय?"

मांगीलाल नेमाचं काहीतरी पुटपुटला आणि बाहेर गेला.

जुना खडबडीत गोटा तिला जन्मभर आठवणार होता, ते काही खोटं नाही. तिनं महादेव कोनाड्यात ठेवला आणि तांब्या सुगनाच्या हाती दिला.

"घाल पाणी," ती म्हणाली. "आणि मग बोटांना हळद लाव."