देवाच्या वांग्यावरच्या अळ्या

गुडघ्यामुळे डॉक्टरांनी आईला प्रवासाची मनाई केली आणि चंपाषष्ठीला गावी जायचं रद्द झालं. आमच्याकडे आषाढापासून वांगं, कांदा, लसूण बंद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच सुटतं. नैवेद्याचं वांगं मात्र घरच्या मातीतलंच हवं, हा आईचा हट्ट. म्हणून तिने आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत कुंड्यांमध्ये वांग्याची रोपं लावली. ती फुलावर आली तशी तिचा रुसवाही जरा उतरला.

दसऱ्यानंतर पानांची पार चाळण झाली. मी वागळे इस्टेटमध्ये सुटे भाग तपासतो, त्यामुळे भिंग खिशातच असतं. पान उलटं करून पाहिलं, तर पिवळ्या काटेरी अळ्या हिरवा गर खरवडून शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवत होत्या. इतकं सफाईदार काम आमच्या कारखान्यातही होत नाही.

"कौतुक कसलं करतोस? देवाचं वांगं खातायत त्या!" आई कडाडली.

शेजाऱ्यांनी लसूण-मिरचीचं पाणी सुचवलं. चातुर्मासात घरात लसूण? विषयच मिटला. मग आईला आठवलं, सासरे निंबोळीचं पाणी मारायचे. प्रमाण विचारायला तिने गावी काकांना फोन लावला. काका हसले. "वहिनी, आता कोण कुटत बसतंय? औषधाची बाटली आणायची, फवारा हाणायचा." आईने फोन ठेवला. तिला ते लागलं होतं.

मला मात्र चेव आला. नसत्या उठाठेवी हा माझा जुना रोग. कल्याणहून काष्ठौषधींच्या दुकानातून वाळलेल्या निंबोळ्या आणल्या, मिक्सरमधून काढल्या, फडक्यात बांधून रात्रभर भिजवल्या, पिळून गाळल्या, थोडं साबणाचं पाणी घातलं आणि ऊन उतरल्यावर फवारलं. त्यानंतरची खोबऱ्याची चटणी इतकी कडू झाली की बायकोने मिक्सरचं ते भांडं कायमचं माझ्या नावावर केलं.

दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच! मी खट्टू झालो, पण भिंग सोडवेना. एक अळी पानाला तोंड लावी, थबके, पुढे सरके, पुन्हा थबके. मरत नव्हत्या, पण खातही नव्हत्या. अळीला कडू लागतं म्हणजे नेमकं काय होतं? तिला जीभ असते का? आईलाही भिंग दिलं.

"म्हणजे यांनाही चातुर्मास लावलास की रे!" ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

हळूहळू अळ्या सुकून गळाल्या, नवी पानं फुटली. चंपाषष्ठीला दोनच वांगी हाती आली. त्यातल्या एकाला भोक होतं. आत शिरलेल्या किड्यापर्यंत आमचं पाणी पोचलंच नव्हतं. आईने ते बाजूला ठेवलं. उरलेलं एक तिने गॅसवर भाजलं. वाटीभर भरीत झालं, रोडग्यासोबत त्याचाच नैवेद्य दाखवला.

तेवढ्यात काकांचा व्हिडिओ कॉल आला. "वहिनी, यंदा नैवेद्याचं कसं केलंत? आपल्या शेतातली वांगी पाठवू का गोणीभर?"

"नको, भावजी," आई म्हणाली. "पुढल्या वर्षी मी येतेय. येताना देवाचं वांगं डोंबिवलीहून आणीन."