पाठमोरा राक्षस

वाकल्याशिवाय स्वतःच्या घरात शिरता येत नाही एवढा तो उंच. स्टुडिओत सगळे त्याला उंटच म्हणायचे. जादूच्या सिनेमांत राक्षसाचा डमी होणं, हा त्याचा धंदा. कॅमेरा खड्ड्यात ठेवून खालून त्याचे पाय घ्यायचे, नाहीतर दार फोडणारा पंजा. तोंड जवळून घ्यायची वेळ आली की मोठा नट खुर्चीतून उठे आणि उंट मुकाट बाजूला होई.

घरी म्हातारा बाप. जन्मभर शिंपीकाम केलेला, आता नजर विझत चाललेली.

"मी मरायच्या आधी नाही, डोळे जायच्या आधी पडद्यावर तोंड दाखव म्हणतोय," बाप म्हणे. "राक्षस झालास तरी तोंड आहे ना तुला?"

उंटानं कॅमेरेवाल्या ताईला गाठलं. "ताई, एकदा तोंड येऊ द्या की."

"तोंड नटाचं, पाठ तुझी. वाटणी कधीच झालीय, उंटा," ताई हसली. उंटानं बापाच्या डोळ्यांचं सांगितलं. तशी ती म्हणाली, "डोंगराचा शॉट लांबून आहे. दाढी न लावता जा, वरून वळून बघ. पण तिळाएवढा दिसशील हं."

तो गेला, वळला, त्यानं जीव ओतून बघितलं.

दुपारी राणीचा प्रसंग. उंटाला कॅमेऱ्याला अगदी खेटून पाठमोरं बसवलं, राणीला लांब खाली उतारावर. म्हणजे ती त्याच्या गुडघ्याशी बाहुलीसारखी दिसणार. त्यानं तिच्याकडे बघायचंच नाही, राणी समजून जवळच्या काठीवरल्या लाल चिंधीशी बोलायचं. अर्धी चौकट त्याच्या पाठीनंच भरली.

"अरे, सरळ बस!" दिग्दर्शक ओरडले. पण त्याचा डावा खांदा लहानपणापासून उतरलेला.

"राहू द्या साहेब," ताई म्हणाली. "राक्षस आहे, शिपाई नाही."

सिनेमा लागला तेव्हा त्यानं बापाला पुढच्या रांगेत बसवलं. डोंगर आला.

"बाबा, आता! वर बघा, वर!"

"कुठं?"

शॉट गेला.

"दिसलो ना?"

"दिसलास की," बाप म्हणाला. बापाला खोटं कधी जमलंच नव्हतं. उंट मान खाली घालून बसला.

मग अर्धा पडदा काळा झाला. बाप एकदम ताठ बसला. अंधारात त्याची बोटं माप घेतल्यासारखी ताणली गेली.

"डावा खांदा उतरलाय," तो मोठ्यानं म्हणाला. "ह्या खांद्याला मी कायम आतून पट्टी लावून शिवलंय."

मागून कुणीतरी "शू" केलं.

"शू काय? पोरगा आहे माझा!"

तेवढ्यात पाठ गेली आणि पडदाभर नटाचा चेहरा आला.

"हा कोण मध्येच?" बाप पुटपुटला. चाचपडत त्यानं उंटाचा डावा खांदा धरला. "पाठ परत येते ना रे?"

"येते बाबा."

चेहरा जाईपर्यंत दोघंही थांबून राहिले.