आईएवढी रेघ

वर्षभर मी वाकून चालले, कारण ताठ उभी राहिले असते तर माझं लग्न लागलं असतं.

माझे शाळेतले मुळे सर आज सकाळी गेले. इथे भिलाईजवळ रिसालीला, मुलाच्या घरी. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. म्हणून आज हे लिहूनच टाकते.

माझ्या लहानपणी भिलाईत पोलादाचा प्लांट उभा राहत होता. बाबा फिटर. भंडाऱ्याकडचं गाव सोडून आम्ही सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये आलो होतो.

आम्हा दोघी बहिणींच्या जन्मतारखा कोणालाच ठाऊक नव्हत्या. ताई पुराच्या साली झाली, मी त्यानंतर. एवढाच काय तो पुरावा.

मग पोरींचं लग्नाचं वय ठरवायचं कसं? बाबांनी आईला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं आणि तिच्या डोक्याशी खिळ्यानं रेघ कोरली.

पोरगी आईएवढी झाली की लग्न. विषय संपला.

आणि हेच बाबा वस्तीच्या सभेत "पोरीले शिकवा" म्हणून घसा बसेपर्यंत भाषण द्यायचे. मला अजून राग येतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माप. त्या एका रविवारी ताईनं खुशीत टाचा उचलल्या. आपण किती मोठ्या झालो ते दाखवायला.

डोकं रेघेला लागलं.

टाचा टेकव, असं तिला कोणीच म्हटलं नाही. मीपण नाही. उन्हाळ्यात ती सासरी गेली.

आता माझा नंबर होता.

मी खांदे पाडून चालायला लागले. वाढ थांबावी म्हणून भात कमी खाल्ला. मापाच्या वेळी आई माझ्या डोक्यावर हात ठेवायची, तेल घातल्यासारखा, आणि हळूच खाली दाबायची.

तरी रेघ दोन बोटांवर आली. घरात शिरताना रोज ती दिसायची. दार तर एकच होतं, जाणार कुठून?

वर्गात मुळे सर ओरडायचे, "ताठ बस गं!" सर दुर्गच्या जुन्या मराठी घरातले. स्वतः इतके बुटके की पोरं मागून त्यांना 'पावशेर सर' म्हणायची. मीपण म्हटलंय. माफ करा सर.

एकदा त्यांनी अख्खा वर्ग एका ट्रकमध्ये कोंबला आणि नाटकाला नेला. बाहेरगावची मंडळी आली होती. टिनाचं शेड, भर दुपार, वरून पत्रा तापलेला.

नाटकात एक घर. त्या घराचं छत रोज थोडं खाली येतं. कोणी त्याबद्दल बोलत नाही. आधी सगळे मान वाकवतात, मग कंबर, मग रांगतच एकमेकांना चहा देतात. "आज साखर जरा जास्त झाली," वगैरे.

आणि एक दिवस घरातली मुलगी उभी राहते. तिचं डोकं छतातून आरपार बाहेर! छत फुटत नाही, आवाज होत नाही. खाली घरचे विचारतात, "चहा घेणार का?"

माझी नात म्हणते, "आजी, इसको मॅजिकल रिअॅलिझम कहते हैं." असेल बाई. मला ते आमचं क्वार्टर वाटलं.

सगळी पोरं खो खो हसत होती. मी हुंदके देऊन रडत होते.

ट्रकपाशी सरांनी मला बाजूला घेतलं. "काय झालं?"

"सर, मी वाढून राहिली."

मग रेघेचं सगळं सांगून टाकलं. ताईचंही. सरांनी मापाचा दिवस तेवढा विचारला.

पुढचा रविवार मापाचा. सर सकाळीच दारात हजर.

"या मास्तर, बसा," बाबा म्हणाले.

सर बसले नाहीत. चपला काढल्या आणि थेट चौकटीला पाठ लावून उभे राहिले. "भाऊ, आधी माझं माप घ्या."

बाबा गोंधळले. पण माप घ्या म्हटल्यावर फिटरचा हात थांबत नाही. त्यांनी पट्टी सरांच्या डोक्यावर आडवी धरली.

"किती कमी?"

"तीन बोटं."

"म्हणजे माझं अजून लग्नाचं वय झालं नाही. आणि घरी दोन लेकरं आहेत!"

आई आत फसकन हसली. बाबा नाही हसले. रेघेकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मार्किंगच चुकली."

हे वाक्य त्यांनी प्लांटमध्येही कधी कोणापुढे उच्चारलं नसेल.

"मंग कसं कराचं, मास्तर?"

"मॅट्रिक होऊ द्या. ते माप मी घेतो."

बाबांनी कानस आणली आणि रेघ घासून काढली. लाकडाचा भुसा माझ्या पायावर पडला. मी तरी वाकूनच उभी. पाठ काही लगेच सरळ होत नाही.

मॅट्रिक झाले. नर्स झाले. आयुष्यभर हॉस्पिटलात नोकरी केली. अजूनही दारातून जाताना मान आपोआप खाली जाते.

सकाळी ताईला फोन केला. ती गोंदियाकडे असते, गुडघे गेलेत तिचे. सर गेले म्हणून सांगितलं.

मग म्हणाली, "तुले नाटकाले नेलं होतं, तेच न मास्तर?"

"हो."

"मले तं कोणी नेलंच नाही वं... जाऊ दे. माह्याकडून बी एक फूल ठेवजो."

सर, तुमच्या पायाशी दोन फुलं ठेवली आहेत. एक माझं. एक माझ्या ताईचं, जिची तुमची कधी भेट झाली नाही.

आज तुमच्या दारातून ताठ आत आले, सर. तुम्ही ओरडायच्या आधीच.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.