निरंक लिहिणारे बाबाराव

मागच्या वैशाखात आमच्या मरोद्याच्या गल्लीत बातमी फुटली, की बाबाराव हटवार म्हातारपणी बहकले. रोज संध्याकाळी तोच निळा इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि स्कूटर थेट वैशाली नगरला. तिथे म्हणे कोणी हर्षा आहे! शेजारच्या तुळसाबाईंना राहवेना. त्यांनी हे खुद्द बाबारावांच्या बायकोच्या, कलावतीबाईंच्या कानी घातलं. कलावतीबाईंचा कणकेतला हातसुद्धा थांबला नाही.

"हर्षा माझ्या बहिणीची पोरगी हाय, बाई. चॉइस सेंटर चालवते, सरकारी फॉर्म भरून देते. अन् शर्टाचं म्हनाल, तर ते ध्यान तसंच हाय."

शर्टाचं असं होतं. खात्याच्या पोर्टलवर चेहरा दाखवल्याशिवाय आत जाता येत नसे, आणि नोंदणीच्या फोटोत बाबाराव निळ्या शर्टात होते. दुसऱ्या शर्टात मशीनने ओळख नाही दिली तर?

बाबाराव सरकारी पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात ऑपरेटर. एकतीस वर्षं साहेब त्यांच्याबद्दल कागदावर काय लिहीत, ते साहेबांनाच ठाऊक. त्या वर्षी मात्र हुकूम आला, की आपलं मूल्यांकन आपणच पोर्टलवर भरा. त्यात रकाना होता, 'वर्षभरातील विशेष कामगिरी'. बाबारावांनी क्षणभरही विचार न करता लिहिलं, 'निरंक'.

पंपहाउसात शिफ्ट संपली आणि काही बिघाड झालेला नसला, की लॉगबुकात हाच शब्द लिहायचा. बाबाराव तो वळणदार अक्षरात लिहीत, लग्नपत्रिकेवर नाव घालावं तसा. साहेबांनी तोच शब्द पोर्टलवर वाचला आणि श्रेणी दिली, 'साधारण'. फोरमनच्या बढतीची यादी लागणार होती, निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, आणि 'साधारण'वाल्याला त्या यादीत जागा नव्हती. अपील करायला शनिवारपर्यंतची मुदत.

तीन संध्याकाळी बाबाराव हर्षाच्या सेंटरात रिकाम्या रकान्यासमोर बसून राहिले. दुसऱ्या शिफ्टच्या बाबुलालने दोनदा जळालेली मोटर बदलल्याचं लिहून 'उत्तम' मिळवलं होतं. त्याच्याबद्दल राग नव्हता. घामाघूम होऊन केलं होतं बिचाऱ्याने. पण आपण? एकतीस वर्षांत दाखवण्यासारखं एकही काम सापडू नये? परतताना स्कूटर आपोआप हळू व्हायची. घराघरांत नळाखाली बादल्या भरत असायच्या, आणि त्या आवाजाने त्यांना बरं वाटण्याऐवजी उदास वाटायचं.

शुक्रवारी हर्षा वैतागली. "मौसाजी, कुछ तो किया होगा ना! शिफ्टमध्ये करता काय तुमी?"

"काय करतो! पंपाचं आयकतो."

"म्हंजे?"

"पेचकसाचं, म्हंजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर ठेवाचं, मूठ कानाले लावाची. आवाज खरखरला का ग्रीस भराचं. जास्तच खरखरला का तो पंप थांबवून दुसरा चालू कराचा, अन् मग याले खोलाचं. मंग कायले बिघडन तो?"

"हेच लिहा ना!"

"अवं, बिघडलाच नाही, त लिहू काय?"

हर्षाने हात जोडले आणि वर्षभराच्या लॉगबुकाचे फोटो काढून आणायला लावले. शनिवारी तिने ते अपिलाला जोडले. दोनशे सव्वीस शिफ्टी, दोनशे सव्वीस निरंक. एकाही शिफ्टमध्ये पुरवठा बंद नाही. खाली पेचकसाची गोष्ट बाबारावांच्याच शब्दांत.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, आणि फोटो एकेक करून सरकवले. मग म्हणाले, "हटवारजी, हे वाचायला आमच्याकडे रकानाच नव्हता." श्रेणी 'उत्तम' झाली, आणि ज्येष्ठात यादी लागली तेव्हा फोरमनमध्ये बाबारावांचं नाव होतं.

पेढे घ्यायला तुळसाबाई सगळ्यांच्या आधी हजर. वर शहाणपणही शिकवून गेल्या, "भाऊजी, आता तरी पुढच्या साली त्या रकान्यात काही चांगलं लिहा."

बाबाराव म्हणाले, "निरंकच लिहीन, वहिनी. ज्या साली दुसरं काही लिहा लागन, त्या साली तुमच्या नळाले पानी नसन."